उरलेली काबरी

बा, तू जाऊन आता आठ वर्षं झाली. मी इथं सोलापुरात एका खानावळीत पीठ मळतो. याआधी तीन कामं धरली न् सोडली, कुठं टिकलो न्हाई. आज भाकरीसाठी गोळे तोडताना शेवटी एवढंसं पीठ उरलं, त्याची भाकरी होईना, न् मला आपली काबरी मेंढी आठवली.

तू न् दोघं चुलते वेगळे निघालात तो दिवस. काट्याच्या कुंपणात मेंढरं कोंडलेली, तोंडाशी तुम्ही तिघं भाऊ मेंढरांच्या पाठीवर लावायला आपापला रंग घेऊन उभे. पहिली थोरल्या काकाची, दुसरी मधल्याची, तिसरी आपली. उरेल ते थोरल्याचं, ही आपली रीत. मी जांबेच्या शाळेत दीड वर्ष बसून आल्तो. मास्तर भागाकाराला तकसीम म्हणायचे, म्हणून तुला वाटायचं पोरगं काहीतरी मोठं शिकलंय. मोजायचं काम तू मला दिलंस. मी पाटीवर मांडलं: अठ्ठेचाळीस, तिघांत सोळा-सोळा, बाकी काही न्हाई. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस करून पडताळाही दाखवला. तू भावांकडं कसा बघत व्हतास, ते अजून दिसतं मला.

दिवस कलला न् तिन्ही कळपांत ओरडा सुरू झाला. पिती पाच कोकरं मी वेगळी मोजल्ती; कोकरू एकाकडं, आई दुसऱ्याकडं. थोरला काका तावातावानं आला. "तुझ्या शिकल्या पोरानं लेकरं आईपासून तोडली की रं." पितं कोकरू आईसंगंच धरायचं, त्याचं वेगळं डोकं मोजायचं न्हाई, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत न्हाई. तू म्हणालास, "त्याचं काय न्हाई चुकलं. मीच म्हणलो, समदी मोज." तू तसं बिलकुल म्हणला न्हवतास.

सकाळी पुन्हा वाटणी. कोकरं माझ्या आईनं न् काकूंनी उचलून धरलेली. तीन मेंढ्या बाहेर गेल्या की तू माझ्या हातात एक खडा ठेवतोस. चौदा खडे होतात न् आत काबरी एकटी उरते, लंगडी, नेहमीसारखी मागं.

"तीन-तीन काढत गेलो," तू म्हणतोस. "जितक्या वेळा काढलं, तीच तुझी तकसीम. आता उलटा चल. चौदा त्रिक?"

"बेचाळीस."

"न् ही?"

मी हातातले खडे पुन्हा मोजू लागतो.

"हिला धरल्याबिगर त्रेचाळीस व्हत न्हाईत." एवढं बोलून तू तिच्या पाठीवर थोरल्याचा गेरू लावलास. दीड वर्षात पाटीवर जे समजलं न्हवतं ते पोराला तिथं समजलं, असं तुला वाटलं असंल; मी नुसता तो गेरू बघून राह्यल्तो.

हा कागद टपालात पडायचा न्हाई, म्हणून लिहितो. काबरीला मी बोटानं दूध पाजून वाढवल्ती. ती शेवटी निघणार, न् उरली तर काकाची होणार, हे मला दिसत व्हतं. पाच कोकरं मिळवली की काही उरत न्हवतं, न् शेवटची मेंढी आपल्या रंगाची येत व्हती. पोराला मोजता येत न्हाई असं समजून तू माझ्यासाठी भावांपुढं खोटं बोललास, बा. मला बराबर मोजता येत व्हतं.