कार्ड ठरेपर्यंत

३ जून, सकाळी ८.१०
निश्चय. बाइंडिंगवालीला विचारायचं. तीस तारखेच्या आत. त्या दिवशी ती घरच्यांना एका स्थळाबद्दल हो की नाही ते सांगणार आहे. प्रेसमध्ये मी पुस्तकांची आणि लग्नाच्या कार्डांची प्रुफं तपासतो, तिचं टेबल माझ्यापासून अकरा पावलांवर. सातव्या पावलाला जीभ टाळूला चिकटते. ही भीती नव्हे. तयारी कमी पडते, इतकंच.
उपाय सापडला. एक गेम आहे. माणसं तयार करायची, घर बांधून द्यायचं. मग ती कामाला जातात, बोलतात, भांडतात, लग्न करतात. त्यात मी मला आणि तिला तयार करीन. सात प्रकारे विचारून पाहीन. चालेल तो प्रकार प्रत्यक्षात.

५ जून
गेमच्या माहितीत दोन याद्या: ‘किमान’ आणि ‘शिफारस’. घरातला कॉम्प्युटर किमानच्याही खाली. ऐन विचारताना चित्र अडकलं आणि मी तोंड उघडून तसाच उभा राहिलो तर? (प्रत्यक्षात झालेलं आहे. १९ मे.) चित्र न अडकवणारं चांगलं कार्ड हवंच. ‘ग्राफिक’ की ‘ग्राफिक्स’? दुकानात जाण्याआधी नक्की करणे.

७ जून
कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, काय खेळणार, मारामारी? म्हटलं, संसार. तो म्हणाला, मग साधं कार्ड पुरे, रॅम मात्र वाढवा, कुटुंब वाढलं की मशीन रडतं. माणसं किती? म्हटलं, सध्या दोन. कान तापले. वर म्हणे, पॉवर सप्लाय बघून घ्या, कमी पडला तर जळेल. जळेल! तसाच घरी आलो.

९ जून
सप्लाय मोठा हवा. सप्लाय मोठा तर कॅबिनेट मोठं. कॅबिनेट मोठं तर टेबल लहान. टेबल तीनदा मोजलं. उद्या परत.
जेवताना ताईने विचारलं, घास हातात धरून कसला विचार करतोस रे? म्हटलं, कार्ड बघतोय, ठरलं की सांगतो. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. डोळे पुसले. कॉम्प्युटरबद्दल तिला इतकी माया असेल असं वाटलं नव्हतं.

११ जून
भाऊजी आमच्याच प्रेसमध्ये मशीनवर आहेत. पाठीत धपका घालून म्हणाले, छुपा रुस्तम निघालास. दुपारी मालक म्हणाले, कार्ड आपल्याकडचंच घ्यायचं, माझी भेट. नम्रपणे सांगितलं, आपल्याकडचं त्यात बसणार नाही. रागावले.

१६ जून, दुपारी १.४०
ती स्वतः आली! दोरा दातांत. म्हणाली, अहो प्रूफवाले, ठरलं म्हणे तुमचं? म्हटलं, जवळजवळ. चांगलं आहे का? म्हटलं, थोडं जुनं आहे, पण तापत नाही, आवाज करत नाही, आणि नाही पटलं तर सात दिवसांत परत घेतात.
दोरा खाली पडला. बरं, म्हणाली, आणि गेली.
जुनं तिला आवडलेलं नाही. नवीनच घ्यायचं. माझ्या खरेदीची तिला इतकी काळजी! लक्षण चांगलं आहे.

२१ जून
नवीन कार्ड आणलं. अंगातल्या विजेने कार्ड मरतं असं वाचलं. म्हणून हात लावण्याआधी दर वेळी खिडकीचा गज धरला. सव्वीस वेळा. शेवटी कॉम्प्युटरवाल्यानेच येऊन बसवलं. मी गज सोडला नाही.

२४ जून
माझं नाक करण्यात दोन दिवस गेले. स्वभाव निवडताना ‘धीट’ घेतला. तिचा स्वभाव अजून रिकामा आहे. तिला न विचारता निवडणं बरोबर वाटेना.

२८ जून
गेममधल्या मला तिला विचारायला पाठवलं. निघाला. वाटेत स्वयंपाकघर पेटलं. धीट असूनही तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन ओरडत राहिला. मीही. ताई धावत आली. तोवर तो गेला होता. सेव्ह केलेलं नव्हतं. घर बांधताना दार ठेवायचं राहिलं होतं.

३० जून, सकाळी ७.५०
तालमीशिवाय जाणं शहाणपणाचं नाही. माणसं चार दिवस मागेपुढे धरतातच. तारीख म्हणजे काही ‘किमान’ नव्हे, ‘शिफारस’ असते. आज दार बसवतो.

९ जुलै
ती टेबलापाशी आली. हातात प्रूफ. लग्नाचं कार्ड, तिचं. म्हणाली, तुमच्या आधी माझंच छापून होतंय की, तुमचं कुठे अडलं? म्हटलं, माझं बसवलं, कॉम्प्युटरमध्ये. मग सगळं सांगावं लागलं. गेम, दोन माणसं, आग, सगळं.
ती खूप हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, नाही पटलं तर परत घेतात असं तुम्हीच म्हणालात ना, म्हणून थांबले होते मी. तीस तारखेला संध्याकाळपर्यंत. अहो, अकरा पावलं तर होती.
तिनेही मोजली होती.
खिडकी लांब होती. टेबलाची कड धरली. कार्ड चार वेळा वाचलं. एखादी तरी चूक निघेल असं वाटत होतं. निघाली नाही. खाली नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही’, आणि सही केली.