ग्राहक वाटेवर आहे

३ जून
आलो बुवा एकदाचे नव्या घरी! दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. सासूबाईंनी पहिला चहा केला आणि साखर घालायला विसरल्या, तरी दोघांनी गोड मानून घेतला. मागच्या हिवाळ्यात माझी बायको, त्यांची एकुलती एक लेक, गेली. तेव्हापासून आम्हीच एकमेकांना. लोकांना जावयाकडे राहणाऱ्या सासूची गंमत वाटते. वाटू दे.

नोकरी घरपोच सामान विकणाऱ्या कंपनीत. ग्राहक एका सर्व्हरवर, गोदाम दुसऱ्यावर, तक्रारी तिसऱ्यावर. आमचे सीनियर म्हणाले, एका घरातले तीन अबोल भाऊ आहेत, त्यांना एका पंगतीला बसवायचंय. म्हणजे चालू घडीचा धंदा साहेबांना एका पडद्यावर दिसेल.

८ जून
जोडले! पडदा जिवंत झाला. कुठे कोण काय घेतंय ते तिथल्या तिथे दिसतं. साहेबांनी पाठ थोपटली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ती असती तर गल्लीभर सांगत सुटली असती.

१० जून
आजच्या चालू ग्राहकांत तिचं नाव.

घाबरलो, मग उलगडा झाला. आजारपणात तिने याच कंपनीकडून निळी चादर मागवली होती. ती आलीच नाही. अंथरुणातून फोन करकरून थकली बिचारी. ती गेल्यावर मीच कळवून ग्राहकांच्या सर्व्हरवर ‘मृत’ अशी नोंद करवली. बाकी दोघांना पत्ताच नाही. तिघे जोडल्यावर दोघांचं मत जड झालं: ती आहे.

सीनियर म्हणाले, उरलेल्या दोन्हीकडे ‘मृत’ टाक, विषय संपला. हात उचलेना. पुन्हा एकदा मीच?

११ जून
उलटंच केलं. पहिल्या सर्व्हरवरचं ‘मृत’ काढून टाकलं. एखादा दिवस असू दे.

१२ जून
तिच्या नावापुढे आमचा इथला पत्ता आलाय. कोणी बदलला? ‘पार्सल वाटेवर’ असतं तिथे लिहिलंय — ‘ग्राहक वाटेवर’.

१३ जून, दुपार
बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं. तीच. खात्यावरच्या फोटोतलं हसू, जसंच्या तसं. पापणी लवत नाही.

मी नावाने हाक मारली. म्हणाली, “माझं पार्सल अजून आलं नाही.”

मला ओळखतेस का, विचारलं.

“माझं पार्सल अजून आलं नाही.” तक्रारीच्या फोनवरचाच थकलेला आवाज.

तिच्या खात्यात माझं नाव कुठेच नव्हतं. आमची भांडणं, तिचं खिदळणं — हे कुठला सर्व्हर ठेवतो? तिघांना जेवढी ठाऊक तेवढीच आली —

१४ जून
अजून उभी. दार ढकलतेय. लाकूड करकरतंय.

लॅपटॉपवरून दोन सर्व्हरवर ‘मृत’ टाकलं. तिसरा बाकी —

सासूबाईंनी आवाज ऐकला. म्हटलं, ती आपली नाही, ती कोणालाच ओळखत नाही. त्या दाराकडे निघाल्या. “न ओळखू दे. मी ओळखते ना! माझी पोर उन्हात उभी आहे, उघडू द्या हो —”

त्या कडीशी. मी बटण दाबलं. तिसऱ्यावरही ‘मृत’ —

त्याच क्षणी बाहेरून — “आई.”

हा शब्द कुठल्याच सर्व्हरवर नव्हता. कुठल्याच —

कडी निघाली. उंबरठ्यावर कोणीच नाही — सासूबाई माझ्याकडे बघतायत — मी काढतो, ‘मृत’ काढतो, परत आण—