गाठ दळायची की अख्खी काढायची

तीर्थस्वरूप मावशीस,

अर्धवट शिकलेल्या भाच्याचा पूर्ण साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि काकांचा स्वभाव, दोन्ही आता थोडे वाकू लागले असतील अशी आशा करतो.

आम्ही मजेत आहोत. म्हणजे आईच्या गर्भाशयात गाठ आहे, गुरुवारी ऑपरेशन आहे आणि हे तुला कळवायचं नाही असं तिने बजावलंय, म्हणून कळवतोय. डॉक्टर म्हणतात, गाठ साधीच असणार. दुर्बिणीतून करू, दोन-तीन बारीक भोकं पाडायची, गाठ पोटातच यंत्राने दळायची आणि भोकातून ओढून घ्यायची. टाका दिसणारसुद्धा नाही. (आई या वयात पोट कुणाला दाखवणार आहे, हे विचारायची सोय नाही.)

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत या यंत्राची फिल्म दिवसभर चालू असते. मला ती पाठ आहे, कारण टीव्हीच्या बरोब्बर खाली नंबर पुकारणारी मुलगी बसते. (तिच्याबद्दल सवडीने. ती 'पुढचा पेशंट' म्हणते ना, तेव्हा आपण आजारी असावं असं वाटतं.) तर फिल्ममध्ये यंत्र गरगर फिरतं, गाठीचे कण उडतात आणि नेमकी तिथेच एक हसरी बाई बागेत पळायला लागते. माझं डोकं सणकलं. कण गेले कुठे? तडक आत घुसलो आणि विचारलं, गाठीत कॅन्सर लपलेला निघाला तर? डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, तर तो पोटात पसरू शकतो, आधी खात्रीने कळत नाही, पण फार क्वचित, शेकड्यांत एखादीला. मोठा छेद घेऊन गाठ अख्खी काढता येते, विश्रांती मात्र सहा आठवडे लागते. मग आधी का नाही बोललात? "कुणी विचारत नाही हो." मी टेबलावर हात आपटला, त्यांचा प्लॅस्टिकचा गर्भाशय खाली पडून दुभंगला. आवाज ऐकून ती नंबरवाली मुलगी धावत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "पेशंट नसलेल्यांनी बाहेर बसा."

बाबा घरापर्यंत करवादत होते. "कॉलेज पुरं होईना, निघाला डॉक्टरांना शिकवायला! शेकड्यांत एखादी म्हणजे काय आपलीच?" हेच बाबा दर आठवड्याला लॉटरीचं तिकीट काढतात आणि लाखांतला तो एक आपणच, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसते. आईचं तिसरंच. "सहा आठवडे मी आडवी आणि घर तुम्हा दोघांच्या हातात? त्यापेक्षा कण परवडले!"

तू मात्र काळजी करू नकोस. मी खंबीर आहे. यायची मुळीच गरज नाही.

तुझा,
भाचा

ता. क. : येच. बुधवारच्या आत. 'तू बरी होईपर्यंत मी राहते', एवढं दारातच आईला म्हण, की ती मोठ्या छेदाला तयार होईल. जगात ती फक्त तुला घाबरते.

ता. क. २ : पाकिटावरचं अक्षर आईचं आहे. पत्र टेबलावर राहिलं, तिने वाचलं. आधी मला नालायक म्हणाली. मग म्हणाली, "ताईचा जुना पत्ता घातलायस, मेल्या. असं कसं पोचेल? आण इकडे."