पाणथळीच्या फाटकाची किल्ली

मी, लविनिया क्वेपिश, वय एक्क्याऐंशी, मूळनिवासी जमात वाम्पानोआग, राहणार सिप्पानेट, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून पाहावं.

१. राहतं घर भावाची मुलगी डेल्फीन हिला. छप्पर गळतं. "आत्या, दुरुस्त कर," असं ती वीस वर्षं सांगते आहे. आता तिनेच करावं.

२. क्रॅनबेरी तोडायचं आईचं लाकडी दात्यांचं खोरंही तिलाच. पहिलं खोरं भरलं की मूठभर फळं पाण्याला परत द्यायची, आभार मानायचे, मगच एक तोंडात टाकायचं. जूनमध्ये स्ट्रॉबेरीचे, पुढे मक्याचे आणि मासळीचेही आम्ही असेच आभार मानतो. थँक्सगिव्हिंग म्हणून वर्षातून एकदा टर्की चापून कृतज्ञता उरकायची आमच्यात रीत नाही.

३. तळ्यापलीकडची क्रॅनबेरीची पाणथळ. ती माझ्या नावावर नाही, तरी तिच्याविषयी लिहिणारच. गावातल्या विल्बर थॅचरचे पणजोबा माझ्या आजोबांकडे फळं तोडायची परवानगी मागायला आले. आजोबा म्हणाले, "घे, पोटापुरतं घे." कागद पुढे आला, त्यावर त्यांनी सहीच्या जागी खूण केली. आमच्यात शेजाऱ्याला नाही म्हणत नाहीत, आणि जमीन विकता येते हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. तो कागद खरेदीखत निघाला. आता तिथे थॅचरांचं फाटक आहे आणि फाटकाला कुलूप. आई शेवटच्या आजारात तिथली मूठभर फळं मागत होती. मी बाजारातून पिशवी आणली. तिने एक चाखलं आणि तोंड फिरवलं. हे मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

४. हाच विल्बर गावच्या वारसा समितीचा अध्यक्ष. अकरा वर्षं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाआधी तो उभा राहून वाचतो, की ही भूमी, तळं आणि पाणथळ मूळची वाम्पानोआगांची. मग टाळ्या, आणि तोच मजकूर, त्याच्या सहीशिक्क्यासह चौकटीत बसवलेला, माझ्या हातात. गेल्या वर्षी म्हटलं, "छान वाचलंस. आता किल्ली दे."

"लविनिया, आजचा दिवस आभाराचा. वाद कशाला?"

"आभार कुणाचे, विल्बर? ज्यांचं घेतलंस त्यांचे, की घेऊ दिलं त्या देवाचे?"

त्याने मला पम्पकिन पाय, त्या दिवसाचं भोपळ्याचं गोड, वाढलं. मला संताप आला तो त्या गोडाचा. म्हातारीचं तोंड गोड केलं की झालं.

५. त्या अकराही चौकटी डेल्फीनला. पुसून ठेवाव्यात.

६. माझी अंत्ययात्रा त्या फाटकापाशी थांबवावी. विल्बरने आपला थँक्सगिव्हिंगचा कागद तिथे, कुलपासमोर, मोठ्याने वाचावा. मग कुलूप उघडावं. उघडलं तर माझ्या नावाने मूठभर फळं पाण्यात सोडा आणि विल्बरचे आभार माना, मनापासून. नाही उघडलं तर दुसऱ्या दिवशी डेल्फीनने अकरा चौकटी घेऊन कोर्टात जावं. एका खुणेने जमीन गेली. इथे अकरा सह्या आहेत, चारचौघांसमोर केलेल्या.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

लविनिया क्वेपिश
सिप्पानेट, मॅसॅच्युसेट्स, ३ नोव्हेंबर

साक्षीदार:
१. एझ्रा पोमिट, होडी दुरुस्त करणारा, शेजारी
२. मार्था थॅचर, विल्बरची बायको

ता. क. मार्थाने सगळं दोनदा वाचलं. सही करून पेन ठेवताना म्हणाली, "किल्ली आमच्या स्वयंपाकघरात, दाराशेजारच्या खिळ्याला असते. त्या दिवशी मी घेऊन येईन." मृत्युपत्रात हे बसतं की नाही, मला ठाऊक नाही. तिच्यासमोरच लिहिलं, आणि तिने खाली पुन्हा सही केली.