सुमनचा हसरा फोटो

झाशी, मंगळवार संध्याकाळ

बसमधून उतरताना पडून सुमनचे पुढचे दोन दात गेले. आज डॉक्टरांनी इम्प्लांटचे दोन प्रकार दाखवले, एक अखंड आणि एक दोन भागांचा. दुसऱ्यात दाताचा कोन जुळवता येतो म्हणून मी तोच निवडला. मग ते म्हणाले, "भाभीजी का कोई हँसता हुआ फोटो लाइए, दाँत वैसे ही बनाएँगे."

सगळे अल्बम पाहिले. ओरछ्याची सहल, रेल्वेच्या पासाचा फोटो... सगळीकडे ओठ मिटलेले. आमच्या लग्नात फोटोच्या वेळी मीच कुजबुजलो होतो, "दात पुढे दिसतात, ओठ मीट." चाळीस वर्षं पाळलं तिनं? आणि मला कळलंही नाही?

मघाशी विचारलं, "कसे होते गं तुझे दात?"

"पुढे होते, तुम्हीच म्हणाला होतात," म्हणाली, आणि ओठ मिटूनच हसली.