टेरो हे नाव कुणाचं

प्रिय एवारिस्तो,

तुझ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस काल पायसांदूच्या वाचनालयात पोचली. 'टेरो'चा कोड कुणीही वापरा, पण टेरो हे नाव तुझ्या मालकीचं, ते आम्ही महिन्याभरात काढायचं म्हणे. चाळीस वाचनालयांनी मिळून अकरा वर्षं फुकट वाढवलेलं सॉफ्टवेअर! वाचनालयातली माझी सहकारी ओफेलिया भडकलीच. "नेलिदा, तुझा भाऊ चोर आहे चोर! मी सांगत नव्हते?"

मी नोटीस घडी करून खणात टाकली. कारण टेरो हे नाव नोंदवायला ट्रेडमार्कच्या कचेरीत तुला मीच पाठवलं होतं. तू म्हणालास, "ताई, संस्थेच्या नावावर करू ना." आणि मी म्हणाले, "त्यात तीन सभा जातील. घाल तुझंच नाव, तू काय परका आहेस?" हे अजून कुणाला ठाऊक नाही.

उद्याच्या सभेत सांगणार आहे. नवं नाव सगळ्या वाचनालयांच्या नावावर नोंदवू, मग तीन सभा जावोत नाहीतर तीस. हे पत्र मात्र टाकायचं धाडस नाही.

कंपनी काढलीस त्याचा राग नाही रे, तुलाही पोट आहे. पण तुझ्या इथल्या शेवटच्या रविवारी मी 'माते'चा, आपल्या त्या कडू चहाचा, तुंबा भरून तुझ्या हातात दिला. तो रिकामा करून परत देताना तू "ग्रासियास" म्हणालास. आपल्याकडे एकच तुंबा फिरवत माते पिताना आभार मानले, की त्याचा अर्थ, आता पुरे, यापुढे माझी पाळी धरू नका.

मला वाटलं, तुला मातेच पुरे झालं.

अजून तुझी पाळी धरणारी,
नेलिदाताई