नासेवूचा लाल ठिपका

नासेवू, कंदावू बेट
४ मार्च

चि. तारायविनीस वासितीआत्याचे अनेक उ. आ.

तू केलेला डेंग्यूचा नकाशा राजधानीतून, सुवाहून पोचला. कौतुक गावभर सांगून झालं, आता कान धरते. किती गं ते रंग! मी या बेटाच्या आरोग्याचा कारभार बघणारी बाई. होडी धक्क्याला लागलेली असताना मला एवढंच कळायला हवं, की माणसं कुठे पाठवू.

नकाशात आपलं नासेवू लालभडक, म्हणून तुमच्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी धूरफवारणीचं एकुलतं एक यंत्र पथकासकट इकडे धाडलं. इथे कुणाला साधी कणकणही नाही! पथकाने नारळाच्या दुधातली मासळी चापली, गुंगी आणणारी आपली यांगोना वाट्या भरभरून ढोसली, आणि आता परतीच्या होडीची वाट बघत घोरताहेत. मग ताप आहे तरी कुठे? तिकडे सुवाच्या वस्तीत माझा मुलगा जोने आहे, त्याची तान्ही लेक आहे. जीव थाऱ्यावर नाही माझा. लवकर कळव.

तुझी आत्या

सुवा
२५ मार्च

ती. आत्यास तारायविनीचा शि. सा. न.

अंथरुणातून लिहिते आहे. घाबरू नकोस, ताप कधीच उतरलाय, नुसता अशक्तपणा आहे. मलाच डेंग्यू झाला! दवाखान्यात नर्सने विचारलं, कुठली गं तू? मी ताठ मानेने सांगितलं, नासेवूची. जन्म सगळा सुवात गेला, तरी. घरी येऊन पडले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आत्या, तो लाल ठिपका म्हणजे आम्हीच! जोनेच्या वस्तीत आपलीच माणसं जास्त, आणि विचारलं की जो तो बापाचं गाव सांगतो.

साहेब म्हणाले, आता तुझ्या नकाशावर कोण विश्वास ठेवणार? खरंच होतं ते. मग दवाखान्यांना नवा प्रश्न विचारायला लावला: काल रात्री झोपलात कुठे? रंग तीनच ठेवले, वर ठळक अक्षरांत एकच ओळ: पथक आधी इथे पाठवा. तुझ्यासारख्या चार अधिकाऱ्यांना दाखवला. चौघांनीही चष्मा न शोधता जोनेच्या वस्तीवर बोट ठेवलं. यंत्र परत आलं, फवारणी झाली, पाणी साचलेले टायर उचलले. जोनेची लेक ठणठणीत आहे. नवे रोगी जवळपास थांबले, साहेबही निवळले.

जुना नकाशा फाडून टाकते. लाज वाटते बघायला. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी
तारायविनी

नासेवू
१ एप्रिल

चि. तारायविनीस अनेक उ. आ.

फाडलास तर याद राख! तो नकाशा मी गावसभेत मांडला. म्हटलं, हे लाल दिसतंय ना, ती आपली माणसं सुवात आजारी पडलीत. गावप्रमुख म्हणाले, मग आपण बसलोय काय? दुपारपर्यंत घरोघरून अळकुड्या, मासळी, शहाळी, चटया येऊन पडल्या, सुवातल्या एकेका आजाऱ्याच्या नावाने टोपल्या भरल्या. सगळे इतक्या दिवसांनी एकदिलाने कामाला लागलेले बघून मला रडू आलं.

तेव्हा फवारणी जो जिथे झोपतो तिथे जाऊ दे, पण कोण कुठल्या गावचा हेही विचारत राहा. तो नकाशा मला लागतो.

शनिवारी होडी येईल, जोनेला हातगाडी घेऊन धक्क्यावर पाठव. एक टोपली तुझी आहे. तू इथे कधी राहिली नाहीस, म्हणून तुझं नाव घालावं की नाही, अशी कुजबुज झाली. गावप्रमुखांनी स्वतःच्या हाताने टोपलीवर नाव लिहिलं आणि म्हणाले, पोरगी तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा तिने नासेवूच सांगितलं.

आत्या